एका दिवसाची रुग्णवाहिका

मित्रांनो, घाबरू नका, भोंगा वाजवणार नाही. मी एक जुनी रुग्णवाहिका आहे. तालुक्याच्या दवाखान्यामागे निंबाखाली पडले आहे. चाकं गेली, पण जीभ शाबूत आहे.

एकेकाळी माझा काय थाट होता! पितांबरभाऊ माझे ड्रायव्हर. मला पुसल्याशिवाय ते चहा घेत नसत. साप चावलेली माणसं, अडलेल्या बाया, सगळ्यांना मी धुळ्याला पोचवलं. लोक मला हात जोडत.

मग एकोणनव्वद साली आमदारांची समिती खान्देशातले दवाखाने तपासायला निघाली. बोरी नदीकाठच्या एका आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका फक्त कागदावर होती. झालं! आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांनी आदल्या दिवशी मला तिकडे पाठवलं आणि माझ्या दारावर त्या गावाचं नाव रंगवलं. मी वेडी, मला वाटलं माझी बदलीच झाली.

गाव हरखलं. गावातल्या पार्वताबाईंनी माझ्यापुढे नारळ फोडला. त्यांची सून सुनंदा पोटुशी होती, पहिलं बाळ पोटातच गेलेलं. गाडी आता गावातच, म्हणून त्या तिला धीर देत म्हणाल्या, "आते काळजी करू नको माय, गाडी गावमाच शे."

समिती आली. एका आमदारांनी साहेबांना सोडून पार्वताबाईंनाच विचारलं, "अक्का, ही गाडी तुमच्याच गावची ना?"

"हाव भाऊ, आमनीच शे! बठ्ठा गावनी शे!"

आमदार समाधानाने हसले. साहेबही हसले. सगळ्या गावाला वाटलं, आता गाडी आपलीच झाली. पण समितीच्या मोटारी वळताच साहेबांच्या माणसांनी रॉकेलच्या बोळ्याने माझ्या दारावरचं नाव पुसलं आणि मला परत आणलं. मेल्यांनी मला खोटी साक्ष द्यायला उभं केलं होतं!

पुढच्याच महिन्यात एका सकाळी दवाखान्यात बैलगाडी आली. गाडीत सुनंदा होती. रात्रभर कळा सोसून ती वाचली, पण याही वेळी बाळ गेलं. बाहेर पडताना पार्वताबाईंनी मला पाहिलं. जवळ येऊन दारावरच्या पुसलेल्या नावावरून हात फिरवला.

"तू आठे शे व्हय?" मी इथे कशी, एवढंच त्यांनी विचारलं.



मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उद्या आमदार होईल, समितीत बसेल. मग दवाखाना बघायला जरूर जा. पण बाबांनो, न सांगता जा. आणि सांगून गेलात, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.