पुढची आयत

रहेमतबीनं उभ्या जन्मात कुराण वाचलं ते अरबीत. अर्थ कोणी शिकवला नाही, तिनंही विचारला नाही. घरच्या भाकरी थापायच्या की अर्थ लावत बसायचं? आणि समुद्रपूरजवळच्या ज्या गावात तिच्या सासूपासून बांगड्यांची टोपली फिरली, तिथं पोट्ट्यांच्या मोबाइलवर त्याच कुराणातली म्हणून एक ओळ आली: मूर्तिपूजक दिसतील तिथं मारा. खाली लिहिलेलं, यांच्या हातून बांगड्या भरू नका.

झालं. अर्ध्या हळकुंडानं अख्खं गाव पिवळं झालं. एकेक दार लागत गेलं, राहिलं फक्त भागीरथाचं. तिच्या लेकीचं, मेघाचं लग्न होतं आणि नवरीचा हिरवा चुडा रहेमतबीनंच भरायचा, असं कधीचं ठरलेलं. हेही दार लागलं की गाव संपलं, आणि गाव संपलं की या विधवा बांगडीवालीची चूल विझली.

ती रडत मौलवींकडे गेली. “असं लिवलं हाय का जी?”

“लिहिलंय,” मौलवी म्हणाले. मग त्यांनी समजावलं, की करार मोडून अंगावर आलेल्यांशी लढाई होती, ते बोल त्यांच्यासाठी. करार पाळणाऱ्यांना आधीच्याच आयतीत, म्हणजे कुराणातल्या ओळीत, वगळलंय. “आणि पुढची आयत तर कोणी वाचतच नाही. त्या मूर्तिपूजकांतला कोणी आसरा मागत आला, तर त्याला आसरा द्या आणि सुखरूप जागी पोचतं करा.”

चुड्याची टोपली घेऊन ती भागीरथाच्या गावी निघाली, बसमध्ये तेच घोकत आली.

भागीरथा ओसरीवर होती, पण ‘बस’ म्हणाली नाही. तिचा पोरगा विवेक मोबाइल घेऊन पुढं झाला. “चाची, हे खरं हाय का?”

“खरं हाय, बाबू. पण अर्धं हाय. पुढचं वाच नं.”

“तुमी पाठ करून आल्या.”

“मंग माह्यं नको आयकू. मोबाइल तुह्याच हातात हाय.”

त्यानं शोधलं. वाचलं, परत वाचलं. “हाय,” तो हळूच म्हणाला. “तसंच लिवलं हाय.”

रहेमतबी टोपलीवरचं फडकं सोडायला लागली. भोळी बाई! तिला वाटलं, जिंकलो.

“राहू द्या, चाची. गावानं ठरवलं हाय. तुमच्या हातून चुडा भरला त मांडवात कोणी येनार नाई.”

“पन तू आत्ताच वाचलं नं?”

“मी वाचलं. बाकीचे कुठी वाचतेत?”

भागीरथाच्या डोळ्यांना धार लागली. “माह्या लग्नात तुह्या सासूनं चुडा भरलता,” ती म्हणाली. “मी पाया पडली होती तिच्या.” एवढं बोलली आणि आत गेली. पाया पडल्याची आठवण आहे, पण हात पुढं करायची छाती नाही. काय चाटायची आहे ती आठवण?

विवेकनं टोपली उचलली. “चाला. चौकात पोट्टे बसून हायत, एकट्या नका जाऊ.”

तो सोबत होता म्हणून चौकात कोणी काही बोललं नाही. बस आली तशी त्यानं टोपली आत ठेवली आणि कंडक्टरला सांगितलं, चाचीले समुद्रपूरले नीट उतरवजा.

बस सुटली आणि रहेमतबी पदर तोंडात कोंबून रडली. सुखरूप जागी पोचतं करा, हे त्या पोरानं अक्षरशः पाळलं होतं. त्याच्या आधीचा आसरा तेवढा कोणी दिला नव्हता.