डासांची मशीन

लोणावळ्यातल्या एका इंटरनेट कंपनीत चैतालीचं काम असं, की मावळातल्या हजारो कनेक्शनांवरून किती डेटा येतो आणि किती जातो यावर डोळा ठेवायचा. आत काय आहे ते दिसत नाही, रहदारी तेवढी कळते. शनिवारी दुपारी स्क्रीनवरच्या आलेखात एका बंगल्याची रेघ तिला खटकली. सुट्टीला आलेले लोक सिनेमे बघतात, म्हणजे डेटा आत यायला हवा. इथे आत काहीच येत नव्हतं आणि बाहेर मात्र एकसारखा चालला होता, तोही परदेशात कुठेतरी. तिने बंगल्याचं नाव वाचलं. त्या बंगल्याची राखण तिची आईच करायची.

तिने लगेच आईला फोन लावला. शालन म्हणाली, कॉलेजच्या मुली उतरल्यात, फिरायला गेल्यात, आता येतीलच. म्हणजे बंगल्यात चिटपाखरू नाही. मग पाठवतंय कोण? बंगल्यात नवीन काही लावलंय का, असं चैतालीने विचारलं. शालनने कौतुकाने सांगितलं, बंगल्याच्या मालकाने, शेठनी, बेडरूममध्ये लावायला डासांची मशीन दिलीय, कधी बंद करायची नाही म्हणून बजावलंय. ती बिचारी रोज पुसत होती, लाइट गेली की इन्व्हर्टरवर लावत होती. पाहुण्यांना डास चावू नयेत म्हणून एवढा जीव टाकणारा शेठ तिला देवमाणूस वाटायचा.

"आई, तिच्यावर जाड टॉवेल टाक. बंद करू नको."

शालनने टाकला. बघता बघता रेघ खाली कोसळली. काढायला सांगितला, तशी पुन्हा वर चढली. त्या मशीनमध्ये कॅमेरा होता; झाकला की त्याला काही दिसत नव्हतं, म्हणून पाठवायलाही काही उरत नव्हतं.

टॉवेल पुन्हा टाकून ठेवायला सांगून तिने आईला सगळं समजावलं. शालनने विचारलं, पोरी तिथेच कपडे बदलतात, ते पण दिसतं का. चैताली हो म्हणाली.

आता शेठ कानावर हात ठेवणार आणि पोलीस आधी आईलाच धरणार, हे तिला लख्ख दिसत होतं. कंपनीतल्या साहेबांना कळवायला हवं होतं. पण तोंडातून निघालं भलतंच.

"काढून फेकून दे आई. इथल्या नोंदीचं मी बघते. कुणाला कळणार नाही."

"फेकली तर शेठ उद्या दुसरी आनंल. आन आदी येऊन गेलेल्या पोरींचं काय?"

"अगं, पोलीस पहिलं तुला विचारतील."

"इचारू दे. माज्या हातानं लावलीय, माज्या तोंडानं सांगते. तू तुजं काम कर."

चैतालीला स्वतःची लाज वाटली. तिने साहेबांना हाक मारली. तेवढ्यात फोनमध्ये गाडीचा हॉर्न वाजला, मुलींचं खिदळणं जवळ आलं. शालनने फोन बंद केला नव्हता.

"पोरींनो, आत जाऊ नका," ती म्हणत होती. "आदी पोलिसांना फोन लावा. आन त्यांना माजं नाव सांगा."