रूपाबाईचा खोकला

पाण्यात विझवून घासलेलं पातं पुन्हा मंद आचेवर धरलं की त्यावर रंग चढू लागतात. आधी हळदीचा पिवळा, मग वांग्याचा जांभळा, शेवटी निळा. पिवळा सरकत सरकत धारेला टेकला की पातं पाण्यात घालायचं. निळा येऊ दिला तर पोलाद मऊ पडतं.

पिवळा धारेला टेकला आणि रूपाबाई खोकली. लालसिंगनं पातं पाण्यात घातलं.

जवळा बाजार गावच्या बाजारतळाला लागून त्यांची भट्टी होती. नवऱ्यानं सांडशीनं लोखंड धरायचं, बायकोनं घण मारायचा, ही त्यांच्यातली रीत. पण लालसिंगला रंग ओळखू येईनासे झाले होते. एकदा एक विळा निळा पडू लागला तेव्हा न राहवून रूपाबाई खोकली आणि त्यानं तो झटकन ओढून घेतला. त्यावर दोघं चकार शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून ती खोकतच होती. गिऱ्हाइकं तिला अडुळसा सुचवायची. मेंढ्या राखणारा खेमा तर मधाची बाटली ठेवून गेला होता.

सांडशी आपल्याकडे यावी असं तिला फार वाटे. पण नवऱ्याच्या हातातली सांडशी मागायची नसते. त्यानं आपणहून द्यावी लागते. आपण एखाद्या दिवशी आजारी पडलो तर याच्या हातचं नाव मातीत जाईल, या धास्तीनं ती ताप आला तरी भट्टीवर येई.

अशात टीव्हीवाले आले. गावोगावच्या लोहारांनी सुऱ्या घडवायच्या, अशी कसलीशी स्पर्धा होती. काळा चष्मा लावलेल्या साहेबानं भट्टी पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"चिंगारी कम है. और उडाओ."

"सायेब, लई ठिणग्या उडाल्या तर लोखंड जळून राह्यलं म्हणायचं," लालसिंग म्हणाला.

"जलने दो. अच्छा दिखता है."

घण मारायला त्यांनी हिंगोलीहून एक पैलवान आणला होता. त्याच्या अंगाला तेल चोळलं. तिसऱ्या घावाला घण त्याच्या तेलकट हातातून निसटला आणि साहेबाच्या खुर्चीत जाऊन बसला. नशिबानं साहेब उभा होता. घणाऐवजी रूपाबाईच्या हाती चहाचा ट्रे आला होता.

पातं आचेवर धरायची वेळ आली. पिवळा सरकू लागला तशी ती खोकली.

"कट! मौसी, खाँसना मत," कानाला यंत्र लावलेला पोरगा ओरडला. "सारा आवाज खराब हो गया. मौसी को बाहर बिठाओ."

"बाहेर कुटं? माझीच भट्टी हाय ना ही," रूपाबाई म्हणाली. तिला लिंबाखाली नेऊन बसवलं. तिथून ती जीव तोडून खोकली, पण साहेबाचा जनरेटर त्याहून मोठ्यानं खोकत होता.

निळी पडलेली सुरी परीक्षेला नारळावर बसली ती चमच्यासारखी वाकली. नारळाला ओरखडाही नाही. साहेबानं गाडी पाठवून दुकानातली चकचकीत सुरी मागवली.

पुढं एका संध्याकाळी तो कार्यक्रम लागला. हरिचंदच्या हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. रूपाबाई बायांबरोबर दारात उभी होती.

"ये हैं लालसिंग! इनकी नज़र लोहे की नब्ज़ पहचानती है!" टीव्ही गरजला. लालसिंगचे डोळे पडदाभर झाले, तीनदा विजा कडाडल्या. मग ते डोळे धुरानं गळू लागले आणि व्हायोलिन रडू लागलं. चकचकीत सुरीनं नारळ दुभंगला. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

"काकू, तुमी तर नुसत्या चहा वाटून राहिल्या!" खेमा म्हणाला. "खोकला काहून न्हाई दाखवला?"

सगळे हसले. रूपाबाईनंही पदर तोंडाला लावला.

"दादा, काय नजर हाय तुमची!" खेमा लालसिंगला म्हणाला. " मला बराबर तसलीच सुरी पायजे. उद्या सकाळीच येतो."

लालसिंगनं कप खाली ठेवला. हरिचंदनं आवाज बारीक केला. आता हा टीव्हीच्या गमती सांगणार म्हणून माणसं सरसावून बसली. तो एकवार दाराकडं वळला, मग खेमाकडं.

"ती सुरी दुकानातली व्हती. मी केली ती वाकली," तो म्हणाला. "मला रंग दिसत न्हाई, खेमा. लई दिस झाले. ही खोकते म्हून तुमच्या विळ्यांची धार टिकते. सकाळी ये तू. पण उद्यापासून सांडशी हिच्या हातात. घण मी मारीन."