पिवळ्या विमानाचा विटाळ

ढगात मीठ सोडून पाऊस पाडायचा प्रयोग बघायला भर उन्हात चार गावं माळावर जमली होती. पिवळं विमान धूळ उडवत धावपट्टीच्या निम्म्यावर गेलं, आणखी थोडं गेलं आणि जमीन न सोडताच थांबलं. मग मेघराज महाराजांनी त्यातून बौद्ध वस्तीतल्या बंकटला खाली उतरवलं, पंखावर गोमूत्र शिंपडलं आणि तेच विमान मिठाच्या त्याच चार पोत्यांसकट वर चढलं. बायांनी हात जोडले. मीठ ढगात सोडायला बंकटच लागायचा, त्यामुळे पोती जशीच्या तशी परत आली. पण चमत्काराच्या गडबडीत ते विचारतो कोण?

"पाहिलंत?" महाराज म्हणाले. "त्या वस्तीचा हात लागला की इंद्रदेव पाठ फिरवतो. कारखान्याच्या विहिरीवरून त्यांचे हंडे हटवा, मग बघा ढग कसे गळतात."

बहात्तरचा दुष्काळ होता आणि आसपास पाणी उरलं होतं ते त्या एकाच विहिरीत. साखर कारखान्याचे चेअरमन आबासाहेबांनी एकदा ढगांकडं पाहिलं. मग म्हणाले, "उद्यापासून वस्तीचे हंडे बंद."

हुकूम ऐकणाऱ्यांत आश्रुबा होता. तो साखरेच्या गोदामात काट्यावर वजनं घेणारा कारकून, बंकटचा मामा, त्याच बौद्ध वस्तीतला. उद्या दोनशे माणसांनी काय प्यायचं? त्याला महाराजांचा संताप आला आणि आपल्या गप्प राहण्याचा त्याहून जास्त. तो तडक पायलट मोहनरावांच्या तंबूत शिरला.

"साहेब, खरं सांगा. हे इमान उठत कावून न्हाई?"

"ओझं," मोहनराव वैतागून म्हणाले. "ते दुसरं, पांढरं विमान सव्वाचारशे किलो उचलतं. पिवळ्याचं इंजिन लहान, ते तीनशे तीस. तेल, माणसं, पोती, सगळं त्यातच आलं. दुपारी हवा तापून विरळ होते, मग तेवढंही उचलत नाही."

"मग पोती कमी का न्हाई केली?"

"पहिल्याच दिवशी म्हटलं, पिवळ्यात तीनच घाला. तर दिंद्रुडकडचे संचालक उठले. पांढरं वडवणीकडं जाणार, पिवळं आमच्याकडं, मग त्यांना चार पोती आणि आम्हाला तीन? सहकारात असला भेद चालणार नाही म्हणाले. तुमचे महाराजही तिथंच बसले होते, माळ ओढत. सगळं ऐकत होते."

आश्रुबाने बोटांवर हिशेब केला. तेल शंभर, मोहनराव सत्तर, चार पोती एकशेवीस. झाले दोनशे नव्वद. बंकटचे बासष्ट धरले की तीनशे बावन्न.

तो गर्दीत परत आला आणि आबासाहेबांपुढं उभा राहिला.

"आबासाहेब, एक अर्ज हाय. बंकटच्या जागी महाराजांना बसवा. त्यांच्यावानी सोवळं कुनी न्हाई. इमान उठलं तर आमचे हंडे आमी सोता उचलून नेतो."

वस्तीतली भिमाबाई मागून ओरडली, "आश्रुबा, काय बोलतोस हे?"

महाराज हसले. "आमचा उपवास हाय आज."

"उपाशीपोटी हलकंच भराल की."

लोक हसले. महाराजांची भक्त केशरबाई पुढं आली. "बसा की महाराज. तुमच्या पायानं तरी ढग पावतील." तिच्या मागून आणखी दहा जण म्हणाले, बसा. स्वतःच्याच भक्तांनी धरल्यावर महाराज जातात कुठं? ते बसले.

इंजिन घरघरलं. विमान निघालं. आश्रुबाने मुठी आवळल्या. हिशेब बरोबर होता, पण वाऱ्याला हिशेब कोण सांगणार? चाकं एकदा जमीन सोडल्यासारखी वाटली. मग चाकं पुन्हा टेकली, मोहनरावांनी ब्रेक दाबले आणि विमान पट्टीच्या टोकाला धुळीत उभं राहिलं.

"आता बंकटला पांढऱ्यात बसवा," आश्रुबा म्हणाला. "पोती चारच ठेवा."

पांढरं विमान बंकटला आणि चारही पोत्यांना घेऊन वर गेलं. ढगात मीठ सांडताना सगळ्यांनी पाहिलं.

आबासाहेबांनी गोदामातला पोती तोलायचा काटा माळावर आणवला. महाराजांना त्यावर उभं केलं. चौऱ्याण्णव किलो भरले.

"इटाळ बासष्ट किलोचा आन् पावित्र्य चौऱ्याण्णवचं," आश्रुबा म्हणाला. "इमानाला दोन्ही जड. ह्या महाराजांना ओझ्याचं पैल्या दिसापासून ठाऊक व्हतं. आबासाहेब, तुमी रोज ऊस तोलून घेता. हे एक तेवढं न तोलता कावून घेतलं?"

आबासाहेबांनी खाली मान घालून हुकूम मागं घेतला. भिमाबाईने हंडा उचलला आणि ती सगळ्यांदेखत विहिरीकडं चालू लागली. केशरबाईही तिच्या मागं रांगेत उभी राहिली.

त्या मिठाने पाऊस पडला का? नाही पडला. आश्रुबाने तसा दावाही कधी केला नाही. त्याचं म्हणणं एवढंच होतं की देव, ढग, जात यांची नावं घेऊन कुणी शेजाऱ्याचं पाणी तोडायला सांगू लागला, तर हात जोडण्याआधी त्याला कारण विचारा, आणि ते कारण खरं की खोटं हे स्वतः तपासून पाहा.