आठवं नाव

"चपला काढू नका. बसायचं नाय तुमाला."

विमलाने पडवीतूनच बजावलं आणि चिंतामणी सर एक पाय चपलेत, एक बाहेर असे दारापुढच्या खळ्यात उभे राहिले. नऊ वर्षं कंत्राटी मास्तरकी केलेल्या माणसाला अपमान नवा नसतो. पण मेला दर पावसाळ्यात नव्याने लागतो. संस्थाचालकांनी यंदा फर्मानच काढलं होतं : कृषी पदविकेला प्रत्येकाने आठ मुलं आणायची, नाहीतर पुढच्या महिन्यापासून घरी बसायचं. सात फॉर्म भरून पिशवीत होते. आठवा कोरा होता आणि आज शेवटची तारीख होती.

विमलाची वेदिका यंदाच दहावी झालेली. ती दाराआड उभी राहून ऐकत होती. सरांनी वसतिगृह, शिष्यवृत्ती, सरकारी नोकरी असा सगळा पाढा म्हटला. विमलाने मान वर केली नाही. तिच्यापुढे पिशव्यांत आंब्याची कोवळी रोपं मांडलेली होती आणि ती एकामागून एक कलमं बांधत होती. मग तिने तोंड उघडलं. तिचा दीर गंगाराम याच कॉलेजातून शिकला, आता रत्नागिरीत मोबाईलची कव्हरं विकतो. नवरा वीस वर्षं मुंबईत. शेती शिकायला तुमच्याकडे फी भरायची आणि पोट भरायला परत मुंबई गाठायची, मग मधली दोन वर्षं कशाला नासवायची, असं तिने खडसावून विचारलं.

सरांनी माहितीपत्रक पुढे केलं. त्यावर एक गोरटेला मुलगा प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेलं कलम हातात धरून हसत होता.

विमलाने ते निरखून पाहिलं. "पट्टी वरून खाली गुंडाळल्यानी. पाणी आत जायल, कलम कुजेल. कौलं कोन वरून खाली घालतो काय?" तिने चाकू सरांपुढे टाकला. "तुमी बांधा बगू."

सर उकिडवे बसले. रोपाचा शेंडा छाटला, खाच घेतली, कलमाच्या काडीला पाचरीसारखं टोक केलं, ती खाचेत बसवली आणि पट्टी खालून वर घट्ट आवळत नेली. विमलाने कलम फिरवून फिरवून पाहिलं, हलवून पाहिलं.

"ह्ये पोरांना शिकवता?"

हो म्हटलं असतं तर फॉर्म भरला असता. सरांना ते कळत होतं. त्यांनी चाकू पुसून खाली ठेवला.

"नाही," सर म्हणाले. "रोपवाटिका तीन वर्षं बंद आहे. फळ्यावर चित्र काढतो."

"मग माजी पोर तितं नाय येनार. तुमीच या उद्यापासून, कलमं बांधायला."

ती चेष्टा करत नव्हती, हेच फार झोंबलं. तेवढ्यात प्राचार्यांचा फोन आला. आठ झाले का? सर म्हणाले, सातच. पलीकडून काहीबाही ऐकू आलं, ते त्यांनी पुरतं ऐकून घेतलं आणि फोन खिशात ठेवला.

"सकाळी किती वाजता येऊ?"

"सातला."

ज्याचं कलम त्याच्या नावाची चिठ्ठी, म्हणजे कुणाचं फुकट गेलं ते कळतं, अशी त्या घरची रीत. वेदिकाला कागद हवा होता. सरांनी कोरा फॉर्म दिला. तिने 'विद्यार्थ्याचे नाव' ही ओळ तेवढी फाडून घेतली, त्यापुढे 'चिंतामणी' असं लिहिलं आणि चिठ्ठी रोपाला बांधली.