पापणीवरच्या कृत्तिका

मित्रांनो, माझ्या टोकाला आता मोजकेच केस उरले आहेत. मी एक जुना आखणीचा ब्रश आहे. गणपतीच्या मूर्तीचे डोळे काढतात, त्याला आखणी म्हणतात. कराडच्या तानाजी कुंभारांनी खारीच्या शेपटीचे केस बांधून मला तयार केलं, ते फक्त त्या एका कामासाठी. सोंड, दागिने, पितांबर यांना दुसरे ब्रश होते. लांबून आलेली माणसं मूर्तीचे डोळे बघून गप्प व्हायची आणि मी उगाच फुगायचो.

चार वर्षांपूर्वी तानाजींचा हात थरथरू लागला. एका मूर्तीचा डावा डोळा फिसकटला. त्या दिवशी त्यांनी मला न धुताच डब्यात टाकलं. नंतर त्यांच्या मूर्तींच्या कारखान्यात रंगाच्या स्प्रेचं मशीन आलं. माझ्या अंगावर रंग वाळला, निम्मे केस त्यातच गेले. राग आला नाही म्हटलं तर खोटं होईल.

मला बाहेर काढलं ते त्यांच्या लेकीनं, प्रांजलनं. ती मेकअप शिकली होती. सांगलीच्या एका स्टुडिओनं डोळ्यांच्या मेकअपचे फोटो मागवले होते, विषय होता आकाश. जिचा फोटो पसंत पडेल, तिला तिथं काम मिळणार होतं. नाही जमलं तर स्प्रेचं मशीन धरीन, असं प्रांजल घरात कबूल करून बसली होती. फोटो पाठवायला संध्याकाळी सहापर्यंतची मुदत होती आणि तिच्या विकतच्या ब्रशनं चांदणी काढली की बटाटा होत होता.

तिनं मला साबणाच्या कोमट पाण्यात घोळवून घोळवून धुतलं. तिची मैत्रीण राणी उजेडाला, दारापाशी बसली. मिटलेल्या पापणीवर गडद निळा रंग चढला. त्यावर पांढऱ्या ठिपक्यांनी कृत्तिकांचा, म्हणजे सात चांदण्यांचा, पुंजका काढायचा होता. आखणीच्या वेळी कारखान्यात सगळे श्वास रोखून धरतात. प्रांजल लहानपणापासून तेच बघत आलेली. तिनं राणीलाही श्वास धरायला लावला. झालं, पापणी फडफडू लागली आणि चांदण्या पसरल्या. तीनदा पुसून झालं.

"बास गं बाई, डोळा लय चुरचुरतोय," राणी म्हणाली. तेव्हा पाच वाजून गेले होते.

तानाजी मागं कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही. "तिला दम घिऊ दी की," ते म्हणाले. "मूर्ती मातीची असती. ही जित्ती पोरगी हाय. तिनं श्वास सोडला की ब्रश टेकव, घेतला की उचल."

"तुमीच काढा की, पप्पा."

"माझ्यानं न्हाई हुयाचं." त्यांनी हात खिशात घातले.

प्रांजलनं राणीच्या श्वासाबरोबर हात चालवला. एका श्वासाला एक, अशा सात चांदण्या उतरल्या. मग मोबाइलला छोटं भिंग लावून तिनं अगदी जवळून फोटो काढला. पापणीची सुरकुती न सुरकुती त्यात दिसत होती. सहाला दहा मिनिटं कमी असताना तो गेला.

आठव्या दिवशी स्टुडिओच्या बाईंचा फोन आला. प्रांजलनं स्पीकर लावला.

"सोमवारपासून ये. एवढं बारीक काम कुणी शिकवलं गं?"

"आमच्या पप्पांनी."

"मग त्यांनाही घेऊन ये एक दिवस. मुलींना काढून दाखवतील."

तानाजींनी घाईनं मानेनंच नको म्हटलं. आता प्रांजल काहीतरी सांगून वेळ मारून नेणार, असं मला वाटलं.

"हात थरथरतो मॅडम त्यांचा," प्रांजल म्हणाली. "पर शेजारी उभं राहून ते जे सांगत्यात ना, ते लय बरोबर असतंय."

"मग त्यांच्यासाठी खुर्ची ठेवते," बाई म्हणाल्या.

तानाजी उठले. त्यांनी मला नळाखाली धरलं आणि थरथरत्या हातांनी कितीतरी वेळ धूत राहिले.

मित्रांनो, काम झालं की ब्रश धुऊन ठेवत जा, एवढंच सांगायचं होतं. आणि ज्याचा हात थकला आहे, त्याला अधूनमधून काही विचारत जा. सोमवारी सांगलीच्या एसटीत प्रांजल, तानाजी आणि मी, असे आम्ही तिघं होतो.