नमुन्याचा अंगठा

रुपालीने जिनिंगचं पगारपुस्तक न्यायाधीशांच्या टेबलावर उघडलं आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

"एकोणीस वर्षं, साहेब. दर महिन्याला माझ्या बाबांची सही. एकही अंगठा नाही."

तिचा बाप भीमराज कापसाच्या जिनिंगवर मापारी होता. कापूस आटला, जिनिंगला कुलूप लागलं, तेव्हा ही पुस्तकं उंदरांच्या तावडीतून तिनेच सोडवली होती. वकिलाची फी परवडणारी नव्हती. बी.एस्सी. झालेली, कायद्याचं पुस्तक वाचता येत होतं, तेवढ्यावर ती स्वतः उभी राहिली. हरली असती तर राहतं घर गेलं असतं.

समोर कृषी केंद्रवाले पुंडलिकराव. मरण्याआधी भीमराजने आपल्याकडून अठ्ठावीस हजार उसने घेतले, हा त्यांचा दावा. चिठ्ठीवर सहीच्या जागी जांभळा अंगठा.

"लकव्यानं उजवा हात गेलता त्याचा," पुंडलिकराव म्हणाले. "सही कशानं करन? मी घरी गेलतो. त्याची बायको होती तिथं."

"दवाखान्याचा कागद?" रुपालीने विचारलं.

"मी कायले ठेवू?"

"मग हा ठसा कोणाचा? तुमच्या गड्याचा, की बैलाच्या खुराचा?"

मागच्या बाकांवर खसखस पिकली. पुंडलिकरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हसू पुरतं ओसरेपर्यंत रुपाली थांबली.

"ठसा ठशाशीच ताडता येतो, साहेब. आजोबांचा जन्म अंगठे देण्यात गेला, म्हणून बाबा सही शिकले. त्यांनी कुठेच अंगठा दिलेला नाही. यांनी नमुना आणावा."

नमुना कुठेच नव्हता. उरली साक्षीला तिची आई, सत्यभामा. पिंजऱ्यात उभी राहून ती आपल्या पावलांकडे पाहत राहिली.

"अंगठा नाही देल्ला त्यायनं," ती म्हणाली. "कधीच."

दावा खर्चासह फेटाळला गेला. एस.टी.ची भाडी, नकला, कोर्ट-फीची तिकिटं: सहाशे पंधरा रुपये. पुंडलिकरावांनी ते व्हरांड्यातच मोजून दिले.

"हुशार हायेस, पोरी. बापापेक्षा."

"माझ्या बाबांना मधे आणू नका."

"मी कायले आणू? तूच आणलं."

घरी आल्यावर तिने पेन काढलं. पुंडलिकरावांना अपिलाची मुदत तीस दिवस. शेवटची तारीख खूण करून ठेवावी म्हणून बाबांच्या खाटेजवळचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं.

मागे पांढऱ्या भिंतीवर जांभळी शाई होती. खाटेवर पडल्या पडल्या हात पुरेल तिथे कुणीतरी बोट पुसलं होतं. वरून खाली फराटे, आणि शेवटी एक स्वच्छ ठसा. मधोमध आडवा तुटलेला.

रुपाली वाकली. चिठ्ठीची झेरॉक्स तिने दोन वर्षं भिंगाखाली पाहिली होती. ती आडवी तूट तिला पाठ होती.

"आई."

सत्यभामा भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत.

"डाव्या हातानं तीनदा सही करून पाह्यली त्यायनं. नाही जमली. मंग मीच धरला अंगठा."

"तू तर म्हणाली होती, बाबा झोपेत गेले."

"तुयी यवतमाळले परीक्षा सुरू होती. चार दिवस नागपूरच्या दवाखान्यात होते. पैसे तिथंच गेले."

"कागद?"

"चुलीत."

"मले काहून नाही सांगतलं?"

"त्यायनं शपथ घातली. पोरीले काहीबी सांग म्हणे, अंगठ्याचं सांगू नको." भाकरी तव्यावर पडली. "लय रडले त्या दिवशी. मंग भिंतीले बोट पुसत राह्यले."

रुपाली खाटेवर बसली. सहाशे पंधरा रुपये अजून मुठीत होते. तिने भिंतीवरची नजर काढली.

"घरात चुना हाये का?"

"सकायीच भिजवला," सत्यभामा म्हणाली. "कोर्टात जायच्या आंधी."